मिटल्या तोंडाचं तळं

सोडा गं तळाचा गाळ, या गं पाणलेकी वर,
माझ्या हाती आहे घास, तुमच्या तोंडी आहे घर.

हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती या घरात नवी होती. बॅगेतले कपडे अजून कपाटात लागले नव्हते. सकाळी जाग आली ती या आवाजानंच. खिडकीतून पाहिलं तर सासू तळ्याच्या बांधावर उभी, बादली कमरेला टेकवलेली, आणि समोरचं झोपलेलं पाणी एकाएकी उकळी फुटल्यासारखं हललेलं. आवाज काही गोड नव्हता. जरा घोगराच होता. पण विहिरीत बादली सोडली की दोराला ओढ लागते, तशी ओढ त्यात होती. नवी सून खिडकीतून आपोआप एक पाऊल पुढे आली होती.

ते जुनं झालं. आता सासू होती, तो आवाज नव्हता.

वर्षापूर्वी एका दुपारी तिचा नवरा तळ्यावर माशांना खाद्य टाकायला गेला आणि परत आला नाही. ती लसूण आणायला बाजारात गेली होती. आली तेव्हा बांधावर माणसं जमलेली, आणि खाद्य टाकायचा तराफा तळ्याच्या मध्यावर एकटाच गोल गोल फिरत होता. त्याचा फोन शेडमधल्या फळीवर होता, चपला पायरीशी. गळ टाकले, जाळी ओढली, पाणबुड्या उतरला. तो वर येऊन म्हणाला की खाली काही दिसत नाही. तळ्याच्या मधोमध जुन्या खाणीचा खड्डा आहे, त्यात झाडांचे बुंधे आहेत, त्यात माणूस अडकला तर वर यायचा नाही. मग कुणीतरी पंप लावून तळं उपसायचं काढलं, तेव्हा सासू पुढे झाली, पंपावर हात ठेवला आणि मान हलवली. नको. आईला पोराला तशा अवस्थेत बघवायचं नाही, असं सगळे म्हणाले आणि पंप उचलून नेला.

त्या दिवसापासून सासू बोलली नाही. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, घसा ठणठणीत आहे म्हणाले. ती सगळी कामं करायची, मानेनं हो-नाही म्हणायची, हातानं दाखवायची. पण ओठ मिटलेले. जेवतानासुद्धा ती घास जेमतेम आत ढकलायची आणि ओठ पुन्हा घट्ट मिटायची, जणू आत काही सांडेल.

सुनेचा भाऊ दर थोड्या दिवसांनी निरोप धाडायचा, ये आता घरी, तिथं तुझं काय राहिलंय. ती सांगायची, तो त्या पाण्यात आहे तोवर मी हलणार नाही.

तळ्याचं काम तिनं आणि दिरानं वाटून घेतलं होतं. दीर नवऱ्याहून धाकटा, अजून लग्न न झालेला, बोलायला फटकळ आणि मनानं मऊ. पंप, जाळी, व्यापारी हे त्याच्याकडे. खाद्यात घालायचं मिश्रण तिच्याकडे. ते तिला सासूनंच शिकवलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीवर मांडी घालून. लसूण ठेचायचा, म्हणजे माशांच्या अंगावर किडे धरत नाहीत. हळद, म्हणजे जाळ्यात खरचटलेलं लवकर भरून येतं. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरायचा, त्यानं अंग धरतं. मेथीचं पीठ. मग सगळं पिठाच्या पातळ खळीत कालवून गोळी खाद्यावर चोळायचं आणि सावलीतच वाळवायचं. उन्हात वाळवलं की पाल्याचा जीव जातो, असं सासू म्हणायची, तेव्हा म्हणायची.

आणि पपईच्या बिया. वाळल्या की काळ्या मिरीसारख्या दिसतात, दळल्या की नाकात झोंबतात. तळ्यात होती चिलापी. चिलापीला मोकळं सोडलं तर ती सारखी पिलावते. पिल्लांच्या पिल्लांनी तळं भरतं आणि एकही मासा तळहाताएवढा होत नाही. म्हणून खाद्यात या बियांची पूड. त्यानं माशांची कूस मिटते आणि जे पिल्लांना गेलं असतं ते अंगावर चढतं. लसूण सोलायला येणाऱ्या बाया हसून म्हणायच्या, बाई गं, हात नीट धुऊन जेवत जा, म्हणून तर तुझा पाळणा हलेना. ती पण हसायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. हसताना हात मात्र पदराला पुसायची.

नवरा गेल्यावर तिनं पपईच्या बिया घालायचं थांबवलं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि ठरवून केलं असंही नाही. एका सकाळी सासूनं नेहमीसारखं बियांचं भांडं तिच्यापुढे सरकवलं, आणि तिचा हात पुढे जाईना. ज्या पाण्यानं त्याला पोटात घेतलंय, त्या पाण्याची कूस मी कशी मिटवू? तिच्या मनात याच्या खाली आणखी एक विचार होता. मासे तळ ढवळतात. तळाशी जे असेल ते खातात. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मग आता या माशांच्या पोटी जे येईल, ते कुणाचं असेल? तिनं भांडं बाजूला ठेवलं. सासूनं ते पाहिलं. एकदा भांड्याकडे, एकदा तिच्याकडे. मग डोळे मिटून घेतले आणि लसूण ठेचू लागली.

पिल्लं आली ती भर दुपारी. बांधावर चिटपाखरू नव्हतं, उन्हात पाणी तेलासारखं जड झालं होतं. ती पायरीवर बसून बादली धूत होती. तिच्या डोक्याची सावली पाण्यावर पडली होती आणि त्या सावलीत काहीतरी हलत होतं. जवळून पाहिलं तर जिऱ्याएवढी पिल्लं, शेकड्यांनी, एका ठिकाणी दाटलेली. चिलापीची पिल्लं भ्याली की त्यांना काळोख लागतो, कारण त्यांची आई त्यांना तोंडात घेते. अंडीही तोंडात, पिल्लंही तोंडात. पाण्यावर जिथं काळं दिसेल तिथं ती आईचं तोंड समजून धावतात. हे तिला माहीत होतं. तरी तिनं मान डावीकडे नेली तेव्हा तो ठिपक्यांचा ढग सावलीबरोबर डावीकडे गेला, उजवीकडे नेली तेव्हा उजवीकडे, आणि तिच्या पाठीतून शहारा गेला. ती पिल्लं तिच्या सावलीच्या तोंडात शिरू पाहत होती.

तिनं हलकेच पाय पाण्यात सोडले. पिल्लं बोटांच्या बेचक्यांत येऊन बसली. थंड, मऊ, नुसती टोचणी. ती दुपार टळेपर्यंत तिथून उठली नाही.

मग रोजच तसं होऊ लागलं. आणि आणखी एक. दुपारच्या त्याच शांततेत सगळं तळं एकदम वर यायचं. मोठे मासे बांधाकडे तोंड करून, ओळीनं, अगदी पूर्वी सासू हाक द्यायची तसे. पण हाक कुणी दिलेली नसायची. ती शेडकडे वळून पाहायची. सासू खिडकीत पाट्यापाशी बसलेली, ओठ मिटलेले, वरवंटा थांबलेला. सासूही पाण्याकडेच बघत असायची. मासे वर येऊन थांबायचे, वाट बघितल्यासारखे, आणि मग एकदम खाली जायचे. पाण्यावर वर्तुळंसुद्धा उरायची नाहीत.

एकदा तिनं विचारलंच. सासूच्या शेजारी बसून, आवाज खाली करून, आई, तुम्हाला काही ऐकू येतं का? सासूनं तिचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. हळदीनं पिवळी झालेली बोटं तिच्या बोटांत अडकवली. मान मात्र हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

खाद्य आता शिल्लक राहू लागलं. माशांनी किती खाल्लं ते कळावं म्हणून पाण्यात ताटल्या सोडलेल्या असतात, त्या वर ओढल्या की भरलेल्याच यायच्या. गोळ्या फुगून पांढऱ्या झालेल्या, लसणाचा वास तसाच. दीर एकेक ताटली बघायचा आणि तिच्याकडे बघायचा. म्हणायचा, वहिनी, माशांनी उपास धरलाय की काय? हातात घेतलेला मासा तीन बोटांएवढा, डोकं मोठं, अंग वाळकं. गावातल्या लोकांनी या तळ्यातला मासा घेणं केव्हाच सोडलं होतं. लांबचा व्यापारी घ्यायचा, आता तोही नाक मुरडू लागला.

शेवटी दिरानं मासळीच्या डॉक्टरांना बोलावलं. सगळे त्यांना बाटलीवाले म्हणायचे, कारण ते जिथं जातील तिथलं पाणी बाटलीत भरून घ्यायचे आणि त्या बाटल्या त्यांच्या खिशांत, पिशवीत, गाडीच्या सीटखाली सगळीकडे असायच्या. भला माणूस. त्यांनी पागाचं जाळं फेकलं, एक मासा हातात धरला. माशाचा जबडा खालून फुगलेला होता, गालफडात गूळ धरावा तसा. त्यांनी अंगठ्यानं हळूच तोंड उघडलं आणि मासा पाण्याच्या वाडग्यावर तिरका केला. तोंडातून पिल्लं सांडली. सांडतच राहिली. एवढ्याशा तोंडात ती मावली कशी, असं वाटावं इतकी.

बाटलीवाले हसून दिराला म्हणाले की हिला जेवायला वाढून काय उपयोग, हिच्या तोंडात पाळणाघर चाललंय. पिल्लं तोंडात असेपर्यंत ही मासोळी एक दाणा गिळत नाही. उपाशी राहील, वाळेल, पण तोंड उघडायची नाही. मग त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांची तोंडं भरलेली. त्यांचं हसू जरा कमी झालं. पपईची पूड घालता ना, असं त्यांनी विचारलं. दीर म्हणाला, हो, वहिनी घालतात. ती काही बोलली नाही. सासू शेडच्या दारात उभी होती. तीही अर्थात काही बोलली नाही. सून वाडग्यातल्या पिल्लांकडे बघत राहिली आणि मग सहज तिची नजर सासूच्या चेहऱ्याकडे गेली. दुपारचं तिरपं ऊन पडलं होतं. वर्षभरात वाळून गेलेला तो चेहरा, गळ्याच्या शिरा, आणि हनुवटीखाली भरल्यासारखा दिसणारा तो घट्ट मिटलेला जबडा. तिनं नजर झटकन दुसरीकडे वळवली.

बाटलीवाल्यांनी उपाय सांगितला तो एकच. तळं उपसा, तळ उन्हात तडकेपर्यंत वाळवा, चुना मारा, बोटभर पिल्लं, नवी बोटुकली, आणून सोडा.

त्या संध्याकाळी ती दिराशी पहिल्यांदा भांडली. म्हणाली, एवढी पिल्लं मरतील. तो म्हणाला, आपण मासे पाळतो वहिनी, पाळण्यात घालून निजवत नाही. मग त्याचा त्यालाच राग आला, आणि तो पायरीवर बसला. बराच वेळ चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, "माझा पण भाऊ आहे तो. रोज त्याच्या अंगावरून पंप चालवतो मी. एकदाचं कळू दे ना. हाडं तर हाडं."

तिला दोन्ही गोष्टींची भीती होती. तो तिथं सापडेल याची, आणि तिथंही सापडणार नाही याची. सापडला तर संपलं. नाही सापडला तर ती वर्षभर कुणापाशी बसत होती? तिच्या पायाच्या बोटांत येऊन कोण बसत होतं?

आत सासूचं ताट झाकून ठेवलेलं होतं तसंच राहिलं. तिनं ताट उचललं, तेव्हा भाजीवर साय धरली होती.

पंप सकाळी सुरू झाले. या वेळी सासूनं पंपावर हात ठेवला नाही. ती बांधावर येऊन बसली आणि पाणी उतरताना बघत राहिली. आधी पायऱ्या उघड्या पडल्या, मग शेवाळलेले दगड, मग काठाचा काळा गाळ. व्यापाऱ्याची माणसं क्रेट घेऊन उतरली, जे काही विकण्याजोगं असेल ते भरू लागली. पाणी जसं कमी झालं तसे मासे भ्याले, आणि भ्यालेल्या माशांनी तोंडं उघडली. गाळावर सगळीकडे चमकू लागलं. जिथं पाहावं तिथं पिल्लं, उन्हात कुणी मूठमूठ अभ्रक उधळावं तशी, आणि ती सगळी उतरत्या पाण्याबरोबर एकाच दिशेला सरकत होती. मधल्या खड्ड्याकडे.

सून घागर घेऊन गाळात उतरली. कुणी अडवलं नाही, लोकांना वाटलं बाईची माया आहे, चार पिल्लं वाचवेल. ती ओंजळीनं पिल्लं उचलून घागरीत सोडत होती आणि पुढे जात होती. गाळ आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पंपांचा आवाज मागे मागे पडत गेला. पुढे खड्डा दिसू लागला, काळं गोल पाणी, त्यातून वर आलेले बुंध्यांचे काळे हात. आणि त्या पाण्यात उरलेले सगळे मोठे मासे, दाटीवाटीनं, तोंडं वर करून, स्थिर. पाणी आटल्यावर मासे असे वर येतात, हवेला. तिला हे माहीत होतं. पण ते मासे हवा घेत नव्हते. तोंडं मिटलेली होती. ते ऐकत होते.

तिनंही ऐकलं. म्हणजे ऐकू काही आलं नाही, पण पोटात ती ओढ लागली, दोराला लागते तशी. पहिल्या सकाळी खिडकीत लागली होती, तशीच. ती एक पाऊल पुढे गेली. गाळ मांडीपर्यंत आला. बांधावरून दीर ओरडत होता, वहिनी, थांबा, पुढे तळ नाही. त्यानं दोर फेकला. दोर तिच्या हाताशी पडला. तिनं घागर सोडली, दोर उचलला नाही. घागर कलंडली आणि वाचवलेली पिल्लं तिच्याभोवती सांडली. तिच्या सावलीत गोळा झाली आणि सावलीपुढे पुढे खड्ड्याकडे पोहू लागली, वाट दाखवल्यासारखी.

इतक्या जवळ आल्यावर आता एकदा हात घालून बघायचं, एवढंच तिला कळत होतं. त्या बुंध्यांत. एवढंच. आणखी एक पाऊल, की हात पोहोचेल. गाळ कमरेला आला आणि तिच्या पायांखालचं काहीतरी हळूच सरकलं.

मागे छपछप झाली. तिनं मान वळवली तर सासू. साडी गुडघ्यांवर खोचलेली, दुसरा दोर कमरेला गुंडाळलेला, आणि दोराचं दुसरं टोक बांधावर दिराच्या हातात. म्हातारी गाळातून येत होती, पडत होती, हातांवर उठत होती, पुन्हा येत होती. हाताच्या अंतरावर येऊन ती थांबली. तिचे ओठ हलले. सुरुवातीला नुसती हवा आली, मग गंजलेला दरवाजा उघडावा तसा एक आवाज. खड्ड्यातले मासे एका क्षणात खाली गेले. काळं पाणी मोकळं झालं.

"पुढं जाऊ नकोस," सासू म्हणाली. "तो तिथं नाही."

आपण खरंच हे ऐकलं की पुन्हा ते नुसतं वाटलं, हे सुनेला कळेना.

"तो बुडाला नाही गं पोरी. चालत गेला. शेडच्या मागच्या वाटेनं, अनवाणी. माझ्यासमोर." सासू धापा टाकत होती, एकेक शब्द तोंडातून सुटा करून बाहेर सोडत होती. "तराफा वाऱ्यानं सुटला. लोक म्हणाले बुडाला. मी काही म्हणाले नाही. तो मला म्हणाला होता, आई, माझं मन इथं लागत नाही, मी नाही यायचा परत, तिला सांग. तिला म्हणावं वाट बघू नको, तिच्या घरी जा. एवढं एकच काम दिलं होतं त्यानं मला."

तिनं चिखलानं भरलेला हात पुढे केला आणि सुनेचं मनगट पकडलं.

"बुडालेल्याची बायको घरात राहते. टाकून गेलेल्याची निघून जाते. आणि मला तू जायला नको होतीस. तोंड उघडलं असतं तर तू गेली असतीस. म्हणून नाही उघडलं."

बांधावर पंप थांबले होते. सासूनं मनगटावरची पकड सैल केली, हात मात्र काढला नाही.

"आता जायचं तर जा," ती म्हणाली. "पण त्याच्यापायी त्या खड्ड्यात जाऊ नको. मी तुला ठेवून घेतलं ते माझ्यासाठी."